पऱ्हाटीची काडी

पहिलीत दिवाळीपर्यंत माझा सगळा अभ्यास पाटीवर चालायचा, आणि तोवर माझं नि मायचं छान जमत होतं.

मुक्ताईनगरकडचं आमचं गाव म्हणजे चहूकडे केळीच केळी. माय दिवसभर आमच्या बागेत पिलं कापायची, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली जादा रोपं विळ्यानं काढायची. कापलं की चीक उडतो. ओला असताना तो पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. वाळला की काळा पडतो आणि मग कपडा फाटेपर्यंत साथ सोडत नाही. माय राखेनं हात घासून घासून थकायची, तरी नखांच्या कोपऱ्यात थोडा चिकटपणा उरायचाच.

संध्याकाळी चूल पेटली की ती मला पुढ्यात घेऊन बसायची. तिला तिसरीतच शाळेतून काढलं होतं, त्यामुळे माझ्या अभ्यासाची हौस माझ्यापेक्षा तिलाच जास्त. माझी मूठ आपल्या खरखरीत मुठीत धरून ती अक्षर गिरवायची. अक्षरं माझ्याच हातातून निघतात असं मला वाटायचं, आणि मी भलतीच खूश असायचे. पाटीला डाग लागलाच तर ओलं फडकं फिरवलं की झालं.

दिवाळीनंतर बाईंनी फर्मान काढलं: घरचा अभ्यास वहीत, रोज एक पान, आणि स्वच्छ हवं. चार-पाच पानं निभावली. मग एका सकाळी वर्गात वही उघडली, तर ‘भ’च्या ओळीवर मायचा अख्खा अंगठा काळा उमटलेला. आदल्या संध्याकाळी तिथं काहीच नव्हतं. बाईंनी ते पान वर्गाला दाखवलं आणि विचारलं, “ही वही आहे की पोतेरं?” सगळे हसले. वही दुसऱ्या कोणाची असती तर मीही हसले असते.

त्या संध्याकाळी मी मायच्या पुढ्यात बसलेच नाही. “माय, तू वहीले हात नको लावू. तुह्या हातानं घाण होते,” असं म्हणाले.

तिनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले. “बरं, नही लावत,” एवढंच म्हणाली. एक धपाटा घातला असता तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चुलीजवळच्या ढिगातून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची, एक काडी मोडून घेतली. हातभर लांब बसली आणि काडीचं टोक वहीच्या वर अधांतरी फिरवत सांगू लागली, “हां, खाले ये. आता वळव.” ‘म’पासून ‘ज्ञ’पर्यंतची अक्षरं मी अशी काडीवर शिकले. वही अगदी स्वच्छ राहिली. बाईंनी लाल शाईनं ‘छान’ लिहिलं, आणि मी ते मायला दाखवलं, लांबूनच.

तिनं माझी मूठ पुन्हा कधी धरली नाही. मला लिहिता येऊ लागलं होतं, गरजही उरली नव्हती. पुढे पुष्कळ ‘छान’ मिळाले. पण कागदावर पेन टेकवताना अजूनही माझ्या हाताला तो खरखरीत तळवा हवा असतो. इतका हवा असतो की कधीकधी रडू येतं.

बऱ्याच वर्षांनी माय पिंप्राळ्याला आमच्या घरी राहायला आली. बागेत जाणं कधीच सुटलं होतं. तिची बोटं आता पार स्वच्छ होती. माझी लेक तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. तिनं वही आणून आजीसमोर ठेवली आणि म्हणाली, “आजी, मला ‘ळ’ येत नाही. माझा हात धर ना.”

माय उठली. गॅसजवळच्या काडेपेटीतून एक काडी काढून घेतली आणि येऊन वहीपासून हातभर लांब बसली.

“माय,” मी म्हणाले, “हात धर ना वं तिचा.”

“नको,” ती म्हणाली. “वही खराब होईन.”