भाऊंची मोटार आणि मुक्कामाची फजिती

मुक्काम आधी ठरलेला असला की किस्सा होत नाही. हे माझं ठाम मत आहे. माझी नातवंडं घरबसल्या खोली ठरवतात, जातात, झोपतात, परत येतात. विचारलं, "काय झालं रे तिकडे?" तर म्हणतात, "काही नाही, मजा आली." संपलं! आमच्याकडे मात्र दोन भावंडं जमली की एक किस्सा निघतो, त्यातून दुसरा निघतो, आणि चहा गार होतो.

एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. भाऊ, म्हणजे माझे वडील, पनवेलला वकिली करत. कुणी एक साहेब विलायतेला परत जाताना त्याची जुनी मोटार भाऊंनी घेतली आणि तेव्हापासून त्यांना सुट्टीत घरात करमेना. आपल्या कुलाबा जिल्ह्याचा सगळा किनारा बघायचाच, असं त्यांनी ठरवलं. मोटारीत पुढे भाऊ आणि आई, मागे मी आणि आत्या. आत्या म्हणजे भाऊंची थोरली बहीण. तिचं सोवळं कडक आणि जीभ त्याहून कडक.

हॉटेल नावाची गोष्ट त्या बाजूला नव्हती. लॉज म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दिवस कलायला लागला की भाऊ एखाद्या गावात मोटार उभी करत आणि दिसेल त्याला विचारत, "इथे राहायची सोय होईल का?" भाऊंना मुक्काम स्वस्तातला हवा असे, शक्यतो फुकट. आईला दाराला आतून कडी हवी, घरात बाईमाणूस हवं आणि पाणी स्वच्छ हवं. आता या दोघांच्या अटी एका घरात सापडायच्या म्हणजे पत्रिका जुळण्यातलाच प्रकार!

आईला खरंच भीती वाटायची. अनोळखी गाव, मोकळा रस्ता, मागे पेंगणारी लहान मुलगी, म्हणजे मी. सूर्य खाली गेला की तिचं बोलणं बंद व्हायचं. तिने पहिल्याच सहलीत भाऊंना बजावलं होतं, "एकदा जरी मुक्कामापायी लोकांच्या दारात मान खाली घालायची वेळ आली, तर घरी पोचल्यावर ही मोटार विकायची. शब्द द्या."

भाऊंनी शब्द दिला. वकीलच ते! मान खाली गेली की नाही, यावर प्रत्येक वेळी त्यांनी वाद घातला.

* * *

पहिल्याच सहलीत अलिबागच्या बाजूला एका सरकारी बंगल्यावर गेलो. परवानगीचा कागद आमच्याकडे नव्हता. भाऊंचा बेत असा, की वकिली कोट घालून उतरायचं आणि दोन वाक्यं इंग्रजीत बोलायची.

चौकीदार म्हातारा होता. मोटार फाटकात शिरली आणि तो एकदम ताठ उभा राहिला. कडक सलाम ठोकला! भाऊंनी आईकडे अशा काही नजरेने पाहिलं की बस्स.

म्हाताऱ्याने मोटारीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवरून हात फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "साहेबाची गाडी! दर थंडीत यायची. हितंच, पोर्चमधी उभी ऱ्हायाची."

"मग उघडा खोली," भाऊ म्हणाले.

"कागद?"

"कागद नाही. पण गाडी तुमच्या ओळखीची आहे ना?"

"गाडी हाय ना ओळखीची! गाडी ठेवा की पोर्चमधी. पुसून बी ठेवतो सकाळी. तुम्ही मातर ओळखीचे न्हाय!"

मोटार बंगल्यात राहिली. आम्ही गावातल्या देवळाशेजारी एका गुरवाच्या ओटीवर. आई म्हणाली, "झाली मान खाली." भाऊ म्हणाले, "छे! सलाम घेतलेला माणूस आहे मी."

* * *

नागावला एका वाडीत सोय झाली. घरधनीण एकटी बाई, पण घर कसं लख्ख! उकाडा होता म्हणून तिने नारळीखाली अंगणातच खाटा टाकल्या. आई आडवी झाली आणि तिचं लक्ष वर गेलं. बरोब्बर डोक्यावर नारळांचा घड!

"अहो, हा पडला तर?"

"न्हाय पडत," बाई म्हणाली. "नारळाला डोळे असतात. मानूस बघून पडतो तो. माझं अख्खं आयुष्य गेलं हितं, कुनाच्या डोक्यात पडला न्हाय."

कोकणात हे सगळेच सांगतात आणि सगळ्यांचाच त्यावर विश्वास असतो. आई बिचारी पुन्हा आडवी झाली. आत्याने मात्र उठून आपली खाट ओढत ओढत पडवीत नेली.

"वन्सं, नारळाला डोळे असतात म्हणतात," आई म्हणाली.

"असतील की! पण दिवसभर उघडे ठेवून रात्री तोही मिटत असेल!"

पाठोपाठ आम्हा सगळ्यांच्याच खाटा पडवीत आल्या.

* * *

भाऊंचं एक शास्त्र होतं. नातं लावायचं. मूळ गाव कोणतं, आजोळ कुठलं, बहीण कुठे दिली, असं विचारत विचारत माणूस तिसऱ्या-चौथ्या फांदीवर सापडतोच, आणि एकदा नातं लागलं की अंथरूण मिळालंच पाहिजे!

रेवदंड्याला एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या ओटीवर बसून भाऊंनी असंच सुरू केलं. म्हातारा हुशार. तोही लावत गेला. पणजोबा आले, पणजोबांचे मेव्हणे आले, आणि एकदम म्हातारा उठून उभा राहिला.

"म्हणजे चौलच्या वाडीवाले ते तुमचे सख्खे आजोबा?"

"हो हो! तेच!" भाऊ खूश.

"आमचा बांध सरकवणारे?"

आईने माझा हात घट्ट धरला. बाहेर अंधारून आलं होतं आणि दुसरं घर शोधायला वेळ नव्हता. मला आठवतं, मला रडू येत होतं.

म्हातारा आत वळून ओरडला, "पाहुण्यांची पानं वाढा! नातं लागलंय!" मग भाऊंकडे वळला. "जेवा, झोपा, पोरीला दूध द्या. आपलं घर आहे. पण उद्या उजाडलं की चौलला चलायचं. बांध दाखवल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही!"

दुसऱ्या दिवशी भाऊ दुपारपर्यंत त्या बांधावर उभे होते. परत आले ते त्याच म्हाताऱ्याचं वकीलपत्र घेऊन. केस कुणाविरुद्ध? आमच्याच चुलतकाकांविरुद्ध!

* * *

म्हसळ्याच्या अलीकडे एका मास्तरांनी शाळेची खोली उघडून दिली. आतून कडी नव्हती म्हणून दाराला बाक लावला. मच्छरदाण्या बांधल्या, दमलेले सगळे मेल्यासारखे झोपले.

सकाळी आईला जाग आली ती हात जोडून म्हटलेल्या प्रार्थनेने. मच्छरदाणीभोवती गोल करून सगळी शाळा उभी! बाक पोरांनी केव्हाच सरकवला होता. मास्तर दारात, डोळे मिटून.

आई हलली नाही. प्रार्थना संपेपर्यंत तशीच सरळ पडून राहिली. नंतर मी तिला विचारलं, "उठली का नाहीस गं?"

"मला वाटलं मी गेले, आणि माणसं जमलीत! म्हटलं, कोण कोण आलंय ते तरी बघावं!"

* * *

दिघीला खाडीच्या काठी मोटार बंद पडली. दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या दिवशी येणार. कोळीवाड्यातली काशीबाई स्वतःहून आली. "बाय, उघड्यावर कशाला ऱ्हाता? माजे घरान या."

घर चांगलं होतं, दाराला आतून दणकट कडी. आई तर हरखली! पण आत आढ्याला सुक्या बोंबलांच्या माळा आणि कोपऱ्यात सुकटीच्या पाट्या. आत्याने उंबऱ्यातच पदर नाकाला लावला. "तुम्ही झोपा. मी मोटारीत झोपेन."

काशीबाईला फार वाईट वाटलं. पाहुणी दारातून परत गेली म्हणजे काय! आत्या विहिरीवर हातपाय धुवायला गेली, तेवढ्यात काशीबाईने आपल्या सुनांना हाक मारली आणि घर झाडून, सारवून, स्वच्छ करून टाकलं. वास म्हणून उरला नाही. पण आत्या एकदा नाही म्हणाली म्हणजे नाही. ती मोटारीतच गेली, काचा वर केल्या आणि झोपली.

सकाळी उतरली तेव्हा तिचा चेहरा हिरवागार झाला होता. "अगं बाई, या गावात हवेलाच वास आहे! काचा बंद करूनही येतो!"

काशीबाई हात पुशीत बाहेर आली. "कसा येल? तुमाला वास नको म्हनून तं सगली सुकी मासली घरातशी काडली!"

"मग ठेवलीस कुठे?" भाऊंनी विचारलं.

"तुमचे गारीन!"

मोटारीच्या डिकीला कुलूप नव्हतंच, सुतळीने बांधलेली असायची. घरी पोचल्यावर आत्याने तीन महिने त्या मोटारीला शिवलं नाही. आई म्हणाली, "आता तरी विका." भाऊ म्हणाले, "मान तुझ्या वन्संची खाली गेली. शब्द तुझ्या मानेबद्दल होता."

* * *

आता हा शेवटचा. त्या सहलीला वसंतमामा आमच्याबरोबर होता. आईचा धाकटा भाऊ, मुंबईत नोकरीला, लग्नाचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. मला घेऊन समुद्रावर जाऊ म्हणून आला होता.

दिवेआगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. एका वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, भाऊंनी मोटार हळू केली मात्र, आतून एक गृहस्थ धावतच आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते.

"या, या! किती उशीर केलात! दुपारपासून वाट बघतोय!"

भाऊंनी आईला हळूच कोपर मारलं. "बघ! माणुसकी म्हणतात ती ही!"

पाय धुवायला गरम पाणी. बसायला जाजम. झोपायच्या खोलीला आतून कडी, तीही पितळी! आईचा चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता. मग ओलं खोबरं घातलेले पोहे आले. घेऊन आली ती तात्यांची मुलगी, सुधा.

भाऊंची सवय अशी, की ज्या घरी उतरू तिथल्या मुलांची आपुलकीने चौकशी करायची. "नाव काय बाळ तुझं? शिकलीस किती? पोहे तूच केलेस का? वा! वसंता, पोहे बघ कसे झालेत!"

वसंतमामा तिसरी बशी खात होता. "फारच छान," तो म्हणाला.

तात्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुधाने मात्र मामाकडे सरळ बघून विचारलं, "तुम्हाला नारळ सोलता येतो का?"

"नाही."

"शिकाल?"

"शिकेन की!"

इतका चांगला मुक्काम आम्हाला आजवर मिळाला नव्हता. सकाळी मामा खरंच अंगणात रोवलेल्या लोखंडी पात्यावर नारळ सोलायला बसला होता आणि सुधा पडवीतून त्याच्या चुका सांगत होती. तेवढ्यात बेड्यापाशी टोप्या-उपरण्यांतली पाच-सहा माणसं आली.

"मुलीचं घर हेच ना? काल पोचायचं होतं, पण मुलाच्या मावशीला गाडी लागली. म्हसळ्याला मुक्काम करावा लागला."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. "मग... आपण कोण?"

"आम्ही?" भाऊंचा आवाज कधी नव्हे तो बसला होता. "आम्ही मुक्कामाला आलो होतो."

आईची मान खाली गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. शेवटी तात्यांनी कसंबसं आत वळून सांगितलं, "अगं, पाहुणे आलेत. पोहे टाक."

सुधा केव्हा आत गेली होती कुणास ठाऊक. स्वयंपाकघरातून तिचाच आवाज आला, अगदी स्वच्छ.

"पोहे संपलेत, तात्या!"

मामाच्या हातातला नारळ तसाच राहिला. भाऊंनी आईला बाजूला घेतलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. "झाली फजिती," ते म्हणाले. "दिलेला शब्द आहे. पनवेलला गेलो की मोटारीला गिऱ्हाईक बघतो."

आईने मान वर केली.

"अहो, काहीतरीच काय? मोटार विकलीत तर वऱ्हाड कशातून आणायचं?"