तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या कुडाळच्या अँजिओ लॅबमध्ये किस्से शोधायला कुणी जात नाही. शिशाचा एप्रन काढून चहा हातात घेतला, की एक तरी निघतोच! मी तिथला टेक्निशियन. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला, की आमचे डॉक्टर मांडीतून बारीक नळी वर नेतात आणि त्या फुग्यात प्लॅटिनमची तार भरून तो बंद करतात.

*

आरोंद्याच्या एका मच्छीमाराची बायको सहीला अडून बसली. "दुखता डोक्यात आणि भोक पाडतास मांडयेत? वाट चुकलास काय!"

डॉक्टर पुण्याचे, पण तयार. "समुद्रात जायला तुम्ही खाडीतूनच निघता ना?"

केली सही!

*

तो मच्छीमार शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "जाळा विणी होतंय. पाठसून कोणीतरी नावान हाक मारल्यान. मियां ओ दिलंय, आणि डोक्यात वीजच पडली!"

"मागे कोण होतं?"

"कोणच नाय."

"मेंदूचे खेळ," डॉक्टर म्हणाले.

महिन्याभराने रेडीच्या एक बाई आल्या. भरदुपारी काजू सोलत बसल्या होत्या. एकच हाक, त्यांनी दिलेली ओ आणि तीच वीज. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

*

आमच्याकडे पोरांना शिकवतात, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. 'ते' एकदाच मारतात. त्या बाईंनंतर लॅबमध्ये सगळ्यांनी हा नियम पुन्हा सुरू केला.

डॉक्टर "सिस्टर! सिस्टर! सिस्टर!" करून लाल झाले. "सगळ्यांचे कान तपासून घ्या!"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्या हाकेला आले ना, सर?"

*

मग एका सकाळी आमच्याच टेबलावर माझी आई आली. फुगा पुन्हा फुटला असता तर सगळं संपलं असतं. मी पार घाबरलो होतो, पण बाहेर गेलो नाही.

शेवटची तार आत जात होती. डॉक्टर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "अरे, तुला कुणीतरी हाक मारतंय."

मीही ऐकली होती. माझंच नाव, पाठीमागून. पाठीमागे भिंत होती.

मी ओ दिली नाही. दुसरी हाक आली नाही. तार नीट बसली.

दुपारी आईने डोळे उघडले. पहिलं विचारलं, "तू ओ नाय ना दिलंस?"

मी मान हलवली.

"बरा केलंस. मियां सांगलंय तेका, माझो झील ड्युटीवर आसा, ड्युटी सुटली की मगे ये."

त्या दिवशी मी डबल ड्युटी केली.