तिसऱ्या रविवारी न वाचलेली नावं

प्रभूचं नाव पुढे करून मी एकदा खोटं बोलले, आणि ते खपूनही गेलं. आज साठी उलटल्यावर ही कबुली लिहिते आहे, कारण एवढं होऊनही त्याने मला टाकलं नाही.

यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. शाळेतून निवृत्त होऊन मी महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखातल्या थाटीपुरात एकटी राहत होते. आमच्या चर्चमध्ये मराठी घरं मोजकीच. त्यात शमुवेल, रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर. गाताना त्यांचा सूर हमखास चुकायचा, पण आवाज सगळ्यांच्या वर. उपासनेनंतर ते मला सवारी टेंपोच्या थांब्यापर्यंत सोडायला येत आणि वाटेत आम्ही मराठी बोलायची हौस भागवून घेत. एके दिवशी त्यांनी सरळ लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. त्या वयात लाजले, हेही सांगून टाकते.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावं. दोन रविवार कुणी चकार शब्द काढला नाही. मग पुण्याहून मुलाचा फोन आला. या वयात हे काय, माझ्या सासरचे लोक हसतील, म्हणाला. तेवढ्यानं माझं अवसान गळालं. तिसऱ्यांदा नावं वाचू नका, असा मी पाळकसाहेबांना निरोप धाडला. शमुवेलना मात्र सांगितलं, "प्रार्थना केली. प्रभूची इच्छा नाही." खरं तर मी प्रार्थना केलीच नव्हती. प्रभूच हो म्हणाला तर काय, हीच धास्ती होती. पुढे शमुवेल मागच्या बाकावर बसू लागले आणि त्यांचं गाणं थांबलं.

दोन वर्षांनी कळलं की ते रुग्णालयात आहेत, फार दिवसांचे सोबती नाहीत. मी भेटायला गेले खरी, पण वॉर्डच्या दारावर पहारेकरी फक्त घरच्यांनाच सोडत होता. "आप कौन हैं इनकी?" त्याने विचारलं. मी परत वळणार, तोच मागे डबा घेऊन उभी असलेली एक अनोळखी बाई म्हणाली, "घरवाली हैं, भैया. चेहरा नहीं देख रहे? जाने दो." त्याने सोडलं. ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही.

शमुवेलच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं. भ्याले मी, आणि नाव प्रभूचं घेतलं. ते क्षीण हसले.

"ठाऊक होतं, बाई. म्हणून तर त्याच्यावर कधी रुसलो नाही."

"आणि माझ्यावर?"

"तुमच्यावर रुसलो. पुष्कळ."

मी रडले. मग त्यांनीच माझा हात धरून प्रार्थना केली. अकरा दिवस मी रोज जात राहिले. बाराव्या दिवशी ते गेले.

समर्पण म्हणजे आपली इच्छा गिळून टाकणं, असं मी समजत होते. आता वाटतं, आधी ती त्याच्यापुढे खरीखुरी मांडावी लागते, आपल्या भीतीसकट. ते अकरा दिवस त्याने मला दिले, त्याबद्दल रोज आभार मानते. आधीची दोन वर्षं मात्र मी दवडली. ती त्याच्या माथी मारत नाही.