डाव्या हाताची कात्री

माझी थोरली बहीण डावखुरी आहे. लहानपणी जेवायला आणि लिहायला तिला उजव्या हाताची सवय लावली गेली. कापड कापायला ती आपली आपणच शिकली, म्हणून तो हात डावाच राहिला. मोताळ्यात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं तिनं बाजारातल्या नेहमीच्या कात्रीनं, डाव्या हातानं कटिंग केलं. अशी कात्री डाव्या हातात धरली की पाती फाकतात आणि कापड मध्ये दुमडतं. पाती जवळ ठेवायला अंगठ्यानं सतत आडवा जोर लावावा लागतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो अंगठा सुजला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कात्री बदला, नाहीतर कटिंग सोडा. शिवायला बाया मिळतात. कापणारी ती एकटीच होती. कटिंग सोडणं म्हणजे दुकान सोडणं.

डाव्या हाताची शिंप्याची कात्री खामगावात मिळाली नाही, अकोल्यातही नाही. परदेशातल्या एका दुकानाच्या साइटवर ती दिसली. पाठवणी मोफत, असं तिथे लिहिलं होतं. मी पैसे भरले.

पुढची चूक माझी. आमच्या गल्लीला नाव नाही आणि घरांना नंबर नाहीत, म्हणून पार्सल मागवताना सगळे बसस्टँडजवळच्या कृषी केंद्राचा पत्ता देतात. अर्ध्या गल्लीची पार्सलं तिथे खताच्या पोत्यांवर पडलेली असतात. मीही सवयीनं नावाच्या रकान्यात आधी कृषी केंद्राचं नाव टाकलं, मग बहिणीचं. मुंबईच्या कस्टममध्ये कात्री दुकानाचा माल ठरली आणि कृषी केंद्राकडे आयातदाराचा क्रमांक मागितला गेला. त्यांच्याकडे बियाण्याचा परवाना होता, खताचा होता. हा नव्हता.

पार्सल आणणाऱ्या कुरिअर कंपनीचा तालुक्यात एक एजंट होता. मी त्याच्या काउंटरवर गेलो.

"कात्रीच आहे न?" तो म्हणाला. "आपल्या बजारात भेटते दीडशेत."

"डाव्या हाताची आहे."

"मंग बाईले उजव्या हातानं कापाले शिकवा, पत्रकारसाहेब. स्वस्त पडते."

त्यानं सांगितलं, माल आमचा नाही, वैयक्तिक वापराचा आहे, असं कृषी केंद्राचं पत्र लागेल. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. दोन्ही कागद मी त्याच दुपारी नेऊन दिले आणि पत्राच्या प्रतीवर त्याची सही, शिक्का आणि तारीख घेतली. कागद दिला की पोच घ्यायची, ही वार्ताहराची सवय आहे. त्यानं मूळ कागद ड्रॉवरमध्ये टाकले.

"वर पाठवतो," तो म्हणाला. वर म्हणजे मुंबईला.

दर दोन दिवसांनी मी विचारायला जात होतो. उत्तर एकच होतं: "कागद वर गेले. वरूनच अडकलं आहे." शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते आणि दोन शाळांचे गणवेश कापायचे होते. बहिणीनं अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि जुन्या कात्रीनं ते कापले. मी थांब म्हणालो. "पोरं काय उघडी जातीन शाळेत?" तिनं विचारलं.

कात्री आली तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या. सोबत पावती होती. तीत आयात शुल्क होतं, ते आमच्या वतीनं आधी भरल्याबद्दल कुरिअरचा आकार होता, आणि गोदामात माल पडून राहिल्याचं भाडं. सगळं मिळून कात्रीच्या किमतीपेक्षा जास्त झालं. यातलं काहीही खरेदीच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. पैसे दिल्याशिवाय पार्सल सुटणार नव्हतं. दिले.

बहिणीनं अस्तराचा एक तुकडा घेऊन कात्री चालवली. कापड दुमडलं नाही. वीतभर कापून तिनं कात्री खाली ठेवली. अंगठा मिटत नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, थोडे दिवस आधी बदलली असती तर बरं झालं असतं. आता अंगठा पूर्ण वळेल असं सांगता येत नाही.

मी कुरिअर कंपनीला लिहून पार्सलचा तपशील मागवला. कागद मुंबईला मिळाल्याची तारीख त्यात होती. माझ्याकडच्या पोचेवरची तारीख तिच्या नऊ दिवस आधीची होती. ते कागद फोटो काढून मोबाइलवरून पाठवायचे असतात. त्याला दोन मिनिटं लागतात. गोदामाचं भाडंही बरोबर त्याच नऊ दिवसांचं होतं.

दोन्ही कागद मी एजंटसमोर ठेवले.

"लगनसराई होती, राहून गेलं," तो म्हणाला. "आता काय फाशी देता? छापा बातमी. तेवढीच माही जाहिरात होईन."

बातमी मी लिहिली. अकरा ओळींची झाली. घरच्या माणसाची तक्रार स्वतःच्या नावानं छापायची नसते, हा नियम मी इतरांना शिकवलेला आहे. ती पाठवली नाही.

दिवाळीनंतर एजंटची बायको बहिणीच्या दुकानात आली. थोरल्या मुलीचं लग्न होतं आणि सात ब्लाउज शिवायचे होते. मी तिथेच बसलो होतो. बहिणीनं मापं घेतली. बाई गेल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "किती दिवस म्हनला होता तू?"

"नऊ."

आता ती रोज थोडंच कापत असे, नव्या कात्रीनं, अंगठा ताठ ठेवून. सातही ब्लाउज लग्नाच्या दहा दिवस आधी तयार झाले. नवरी मुलगी आली. बहिणीनं एकेक तिच्या अंगावर घालून पाहिला, एका बाहीची शिवण उसवून पुन्हा घातली, सगळे उतरवून घेतले आणि कपाटाला कुलूप लावलं.

"नेऊ काय मावशी?"

"नाही माय. कागद यायचे आहेत वरून."

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली, चौथ्या दिवशी पुन्हा आली. उत्तर तेच होतं. सहाव्या दिवशी एजंट स्वतः आला.

"कोनते कागद? कुठून वरून?"

"मुंबईहून," बहीण म्हणाली. "आधारची झेरॉक्स आनली काय तुमी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तो घरी जाऊन झेरॉक्स घेऊन आला. तिनं ती मशीनच्या खणात टाकली.

"पाठवतो वर," ती म्हणाली.

"ताई, हळद आली तोंडावर. पोरीनं काय केलं तुमचं?"

"काहीच नाही. म्हनून तिचे ब्लाउज चांगले शिवले."

सातव्या दिवशी त्यानं गोदाम भाड्याचे पैसे आणून टेबलावर ठेवले. बहिणीनं ते सुई उचलावी तसे दोन बोटांनी उचलले आणि त्याच्या खिशात परत घातले. नवव्या दिवशी संध्याकाळी तिनं कपाट उघडलं. ब्लाउज इस्त्री केलेले होते. शिलाई तिनं ठरल्याप्रमाणेच घेतली, एक रुपयाही जास्त नाही. मी वहीच्या पानावर पोच लिहिली आणि तारखेसह त्याची सही घेतली.

लग्नाला आम्ही गेलो नाही. ब्लाउज नीट बसले होते, असं ऐकलं.

ती पोच अकरा ओळींच्या बातमीला टाचून ठेवली आहे. अंगठा अजून अर्धाच वळतो. एजंटची धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे, आणि मोताळ्यात ब्लाउजाचं असं कटिंग दुसरं कोणी करत नाही.