बूड कापलेली अळंबी

इस्त्रीच्या दुकानातल्या बाईला अख्खी गल्ली लख्खकाकू म्हणायची. कुठं डाग दिसला की हिचा जीव कासावीस! रानात अळंब्या वेचायची तीही तशीच. चाकूनं जमिनीलगत कापायची, फडक्यानं पुसायची, मगच टोपलीत. धाकटी जाऊ मात्र मुळासकट उपटून मातीची ढेकळं घरात आणायची. त्यावरून दोघींचं विळ्याभोपळ्याचं नातं.

त्या वर्षी किती वाट पाहून काकूच्या लेकीला दिवस गेले. माहेरी आली आणि म्हणाली, "आई, अळंब्या खाव्याशा वाटतायत." मग काय विचारता! काकू दुकान बंद करून थेट रानात.

कढईत लोणी तापलं, तेवढ्यात जाऊ मीठ मागायला आली. चिरायला ठेवलेली एक अळंबी तिनं उचलून उलटी केली. टोपीखाली पांढऱ्याशुभ्र पाती, देठाला झालर.

"जाऊबाई, हिचं बूड कुठंय?"

"रानात! तुझ्यासारखी माती खाऊ घालू का लेकीला?"

"बूड बघितल्याशिवाय ही कढईत जायची नाही." जावेनं सरळ गॅसच बंद केला.

काकूचा पारा चढला. तरी गेली तिच्याबरोबर रानात, तिला खोटं पाडायलाच. कापलेली जागा सापडली, जावेनं बोटांनी माती उकरली. देठाच्या बुडाशी फाटकी पांढरी पिशवी होती, फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखी. विषारी अळंबीची हीच तर खूण, आणि काकूचा चाकू ती मातीतच ठेवून आला होता.

"शिजवूनही विष मरत नाही हिचं," जाऊ हळूच म्हणाली. "वर चवीला छान लागते म्हणे."

काकू मटकन खाली बसली, चिखलातच. जावेचा मातीनं भरलेला हात तिनं घट्ट धरला. "तुझे उपकार कसे फेडू गं बाई?"

"उठा आधी. पोर उपाशी आहे तिकडं."

घरी येऊन टोपलीच्या टोपली फेकली, चांगल्या अळंब्यांसकट. लेकीनं तोंड वाकडं केलं, उकडलेले बटाटे खाल्ले आणि झोपून गेली. काकू तिच्या उशाशी बसून राहिली.

आता नात दुकानभर रांगते. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "अगदी आजीचं रूप घेतलंय हो!" की काकू हातातली इस्त्री बाजूला ठेवते.

"रूप असेल माझं. जीव जावेनं दिलाय. मी तर कढई तापवून बसले होते."