चालत्या बैलाची झापड

मराठीचा मास्तर झालं की वह्या रद्दीत जातात, किस्से मात्र घरातच साठत राहतात. नव्वदच्या दशकात कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेत एका कवितेनेच मला पोतंभर किस्से दिले. त्या कवितेत सवय म्हणजे तेलाच्या घाण्याभोवती फिरणारा बैल आणि विवेक म्हणजे त्याच्या डोळ्यांवरची झापड सोडणारा हात.

*

दहावीच्या वर्गात विचारलं, हा बैल म्हणजे कोण? सागर उठला. त्याचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी.

"आमचे आप्पा, सर. रविवारी मार्केट बंद असतं, तरी पहाटे उठून टॉवेल खांद्यावर टाकतात. मग आई म्हणते, झोपा, आज सुट्टी. आई म्हणजे विवेक!"

वर्ग खो खो हसला. माझी मात्र छाती फुगली.

*

सहामाहीला तोच प्रश्न आला. एकोणचाळीस पोरांनी गाईडमधलं उत्तर स्वल्पविरामासकट उतरवलं. आंधळ्या सवयीवरचं उत्तर, तेही डोळे मिटून! एकट्या सागरने आप्पांवर लिहिलं.

*

पेपर मुख्याध्यापिका बाईंनी तपासले. सागरच्या उत्तराला शून्य.

"आदर्श उत्तरात आप्पा नाहीत," बाई म्हणाल्या.

पोरगा दोन मार्कांनी नापास झाला. सहामाहीला नापास झालेल्याला बाई बोर्डाचा फॉर्म भरू देत नसत, म्हणजे वर्ष वाया. मी पुष्कळ भांडलो, पण बाई ढिम्म.

*

शेवटी आप्पाच शाळेत आले. साताऱ्याकडचा माणूस. मला वाटलं, बाईंपुढे हात जोडतील. त्यांनी मला कविता वाचून दाखवायला सांगितली आणि नकारार्थी मान हलवली.

"घान्याच्या बैलाला झापड बांदत्यात, ती चक्कर येऊ नये म्हनून. चालत्या बैलाची सोडली तर पडंल की त्यो. आदी बैल थांबवायचा, मग झापड सोडायची."

बाईंनी सागरचा पेपर पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "म्हणजे सागरच्या आईने बरोबर केलं. आधी थांबवलं."

त्यांनी सागरला दोन मार्क दिले आणि आप्पांना सांगितलं, उद्या दहावीवर तास तुमचा.

*

आप्पा धुतलेली टोपी घालून आले. फळ्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला. बाई मागच्या बाकावर, मी दाराशी. मला इतका अभिमान वाटत होता, जणू माझेच वडील शिकवायला उभे होते.

"घाना कुनी कुनी बगितलाय?" आप्पांनी विचारलं.

चाळीस पोरांत एकही हात वर गेला नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. आम्हीही हात खालीच ठेवले.