भावकीचा ग्रुप आणि गोवराची सुई

माझ्या धाकट्या भावाची वस्ती नांदूरघाटच्या बाहेर, माळाला लागून आहे. शेरडं-मेंढरं हाच त्याचा धंदा. मला दिलेली केजला. घरी ब्लाउज शिवते, आणि हातातलं काम उरकलं की माहेरी एक चक्कर मारते. अशीच एकदा पावसाळ्याच्या तोंडाला गेले, तर अंगणात नुसता कल्ला. जनावरांचे डॉक्टर आले होते. भाऊ एकेक शेळी गुडघ्यांत दाबून धरत होता, डॉक्टर सुई टोचत होते आणि टोचून झालेलीच्या कपाळावर भावजय गेरूचा ठिपका देत होती, म्हणजे गडबडीत एखादी राहून जायला नको. मागच्या साली आंत्रविषारानं त्याची करडं पटापट गेली होती. तेव्हापासून हा गडी लस चुकवत नाही. डॉक्टरांना यायला उशीर झाला तर फोन करकरून त्यांचं डोकं खातो.

भावजयीच्या कडेवर नऊ महिने पुरे झालेली पोरगी होती. टपोऱ्या डोळ्यांची. कुणीही दिसलं की टकामका बघायची. मी आपलं सहज विचारलं, हिची गोवराची सुई झाली का? भावजयीनं नवऱ्याकडं पाहिलं. नर्सबाई दोनदा घरापर्यंत येऊन गेल्या होत्या, पण पोरीला टोचायचं नाही असं भावानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. का, म्हणून विचारलं तर त्यानं हात धोतराला पुसले आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

पांढरा कोट घातलेला कुणीतरी माणूस हिंदीत बोलत होता. ही सुई घेतलेल्या पोरा-पोरींना पुढं लेकरं होत नाहीत, आपली माणसं कमी करायचा हा डाव आहे, वगैरे वगैरे. मागं भीती वाटावी असं संगीत. खाली लिहिलेलं, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. कोण होता हा माणूस, कुठला डॉक्टर, डॉक्टर तरी होता का, काही पत्ता नाही. कोट मात्र इस्त्रीचा होता.

हे आलं होतं भावकीच्या ग्रुपवर. आमच्यात या ग्रुपची गोष्टच वेगळी. पूर्वी मयतीचा निरोप घेऊन माणूस गावोगाव जायचा, आता तो निरोप या ग्रुपवर पडतो. पडला की हातातलं टाकून माणसं जीपला लटकतात. खरंच गेले का, असं उलट विचारायची आमच्यात रीत नाही. विचारलंच तर मेलेल्याचा अपमान आणि सांगणाऱ्याचाही. मग ज्या ठिकाणी शंका घ्यायचीच नाही, तिथं आलेल्या व्हिडिओवर तरी शंका कोण घेणार?

भाऊही तेच म्हणाला, "जितं मयतीचा सांगावा येतो, तितं खोटं कोन टाकंल, अक्का?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, शेळीच्या सुईवर तुझा विश्वास आहे आणि पोरीच्या सुईवर नाही? तर म्हणे शेरडाचं वेगळं, पोरीला उद्या सासरी नांदायचंय. वर मलाच ऐकवलं की केजला राहून मी लई शहाणी झाले. मी पोरीला माझ्याबरोबर द्या म्हणाले, केजला नेऊन टोचून आणते. भावजय उठलीसुद्धा. पण त्यानं असं काही बघितलं की तिनं पोरीला झोळीत टाकलं. मी संध्याकाळच्या जीपनं निघून आले. रस्ताभर जीव जळत होता.

पाऊस सरता सरता वस्तीवर गोवर निघाला. आमच्याकडं गोवर निघाला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. बाहेरचं माणूस आत येत नाही, औषधाचं नाव काढायचं नाही. पोरगी तापानं फणफणली, अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, उजेड सोसवेना. भावजयीनं शेजारणीच्या फोनवरून मला चोरून सांगितलं. मी गाडी केली, कुणाचं ऐकलं नाही आणि पोरीला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. पोरगी जगली. डाव्या डोळ्यात मात्र फूल पडलं. या डोळ्यानं आता दिसायचं नाही, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. मागून दवाखान्यात आलेला भाऊ भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याला शिव्या घालायच्या असं मी वाटेत ठरवून आले होते, पण त्याच्याकडं बघून पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

पण राग काही जाईना. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता आमच्या थोरल्या चुलत भावानं. सिरसाळ्याला त्याचं आडतीचं दुकान आहे. भावकीतल्या सोयरिकी त्याच्या शब्दाशिवाय जुळत नाहीत. मी तडक सिरसाळा गाठलं.

दादानं बस म्हटलं, पाणी दिलं, पोरीचं ऐकून हळहळलासुद्धा. मी व्हिडिओचं काढलं तसा म्हणाला, "मी कुटं म्हनलो टोचू नका? आलतं तसं पुढं पाठिवलं. ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं घ्यावं."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मागून त्यांचा नातू रांगत आला, आमच्या पोरीच्याच वयाचा. वहिनी बिचाऱ्या साध्या. पोरीचं ऐकून त्यांचे डोळे भरले. मला धीर द्यायचा म्हणून म्हणाल्या, आमच्या याला तर सुई टोचल्यावर जरासा ताप आला होता, तेवढ्यातच घर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. मी विचारलं, कुठली सुई? गोवराचीच की, वहिनी म्हणाल्या. नऊ महिने भरले त्याच आठवड्यात हेच स्वतः गाडीवर बसवून घेऊन गेले होते.

मी दादाकडं बघितलं. तो बशीत चहा ओतत होता. मी विचारलं, "दादा, तुमच्या नातवाला कावून टोचलं मग?"

त्यानं बशी फुंकली.

"आपल्या लेकराची जोखीम कशाला घ्यायची, बाई," तो म्हणाला.